मदत हवी आहे: पिस्तुलाच्या गोळ्या सतत खाली-डावीकडे जातायत

ह्यूस्टनवासी
नमस्कार मंडळी. ग्लॉक १९ घेऊन दीड महिना झाला. चार वेळा रेंजवर गेलो, चारही वेळा तेच रडगाणं. गोळ्या विखुरत नाहीत, एका मुठीखाली झाकतील इतक्या जवळ पडतात, पण मधल्या गोलाच्या खाली-डावीकडे चार-चार इंचांवर. ट्रिगरही कळत नाही. आधी मऊ, मग अडतो, मग एकदम सुटतो. साइट (नेम धरायची खूण) सरकवून घेऊ की ट्रिगर बदलू? शनिवारी परत जायचंय, लवकर सांगा.

गोगलगाय
अंतर किती? उजवा हात की डावा? आधी कधी काही चालवलं होतं का?

बंड्या७७
साडेतीन पौंडी कनेक्टर, म्हणजे ट्रिगर हलका करणारा सुटा भाग, टाका, विषय संपला. माझ्या ग्लॉक १७ ला टाकलाय, लोण्यासारखा चालतो.

गोगलगाय
बंड्याशेठ, त्यांचा हात कुठला ते तरी कळू द्या!

तात्या_विंचूरकर
भारतात तुमचं हे ९ एमएम सामान्य नागरिकाला मिळत नाही, तो प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) आहे. .३२ साठी अर्ज करा. आधी पोलीस पडताळणी होते, धीर धरा.

ह्यूस्टनवासी
तात्या, आयडी वाचा की हो.
गोगलगाय, उजवा हात, १० यार्ड. आधी फक्त जत्रेत फुगे फोडलेत.

माजी_फौजी
आम्ही फौजेत इशापूरच्या कारखान्यातली १ए चालवली. पोलादी, वजनदार, घोडा चढवला की बोट टेकताच सुटायची. हे प्लास्टिक हातात खेळणंच वाटतं. दोष ट्रिगरचाच.

गोगलगाय
फौजीसाहेब, ऑस्ट्रियाच्या सैन्याने हेच 'खेळणं' १९८२ साली निवडलं, तेही मोठं भावंड, १७. १ए सिंगल ॲक्शन, म्हणजे घोडा आधीच चढवलेला, बोट तो फक्त सोडतं. इथे स्ट्रायकर (गोळीवर आदळणारी पिन) अर्धाच ताणलेला असतो, उरलेलं ताणायचं काम तुमचं बोट करतं. म्हणून आधी मऊ, मग भिंत. ती भिंत म्हणजे बिघाड नव्हे.

आता हिशोब करा. रिकामं पिस्तूल दीड पौंडाचं आणि ट्रिगर साडेपाचच्या आसपास. स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त ओढ सोसताना ते हलायचं नाही, तर सगळा भार पकडीवर. उजव्या हाताने चाप हिसकला किंवा दणक्याच्या भीतीने मनगट आधीच दाबलं, की गोळी खाली-डावीकडे. डावखुऱ्याची खाली-उजवीकडे जाते.

बंड्या७७
मग साइटच वाकडी नसेल कशावरून?

गोगलगाय
दोन साइट्समधलं अंतर सुमारे सहा इंच. १० यार्डांवर चार इंच डावीकडे जायला मागची साइट दीड मिलिमीटरहून जास्त सरकलेली हवी. खाचेत बघा, नुसत्या डोळ्यांना दिसेल. आणि तेवढ्याने खाली जाण्याचं कोडं सुटत नाहीच.

नेमबाज_कोल्हापूर
मी दहा मीटर एअर पिस्तूलवाली. आमचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा, २५ मीटरला १००० ग्रॅमचा. कनेक्टर वगैरे राहू द्या, साडेपाच पौंडांवर शिकलेलं बोट कुठेही चालेल. एक करा: मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी बघा, करंगळीने चाचपा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. मग पुढच्या साइटवर नाणं ठेवून भिंतीपर्यंत या, थांबा, हळूच दाबा. नाणं पडलं की परत. ग्लॉकमध्ये दर वेळी स्लाइड ओढावी लागते, कंटाळा येतो, पण रोज दहा मिनिटं द्याच.

बंड्या७७
२०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतने पालेमबांगला सुवर्ण घेतलं, ते तुमच्याच कोल्हापूरचं ना?

नेमबाज_कोल्हापूर
हो! पण इथे नको, वेगळा धागा काढा.

माजी_फौजी
'घोडा दाबला' म्हणता येणार नाही मग? ग्लॉकला घोडाच नाही.

तात्या_विंचूरकर
चाप म्हणा. शुद्ध मराठी शब्द आहे.

गोगलगाय
ह्यूस्टनवासी, शनिवारी मित्राला पाठमोरं राहून मॅगझिन भरायला सांगा, मध्ये चार-पाच नकली गोळ्या घालून. रेंजवाल्याला आधी विचारा. नकली आली की पिस्तुलाचं तोंड काय करतं तेवढं बघा.

ह्यूस्टनवासी
जाऊन आलो. खरं सांगतो, लाज वाटली. तिसरीच नकली निघाली. नुसतं टिक, आणि गुबुगुबु वाजल्यावर नंदीबैल मान हलवतो तसं पिस्तूल खाली झुकलं. मित्राने व्हिडिओ काढलाय, तीनदा बघितला. पन्नासेक गोळ्यांनंतर खालचं बरंच कमी झालं. डावीकडचं मात्र अजून दोन इंच आहे.

बंड्या७७
कनेक्टर.

नेमबाज_कोल्हापूर
ट्रिगरवर बोटाचं कुठलं पेर ठेवता? आणि डावा डोळा मिटता का? दोन्ही सांगा.