पिशव्या शिवून विकते, सोशल मीडियावर सुरुवात कुठून करू?

मी घरून कापडी पिशव्या शिवते. आजवर गिऱ्हाईक ओळखीतूनच आलं. इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब सगळीकडे खातं उघडावं की एकच धरावं? जाहिरातीला पैसे लगेच घालावेत का?

उत्तर १:
ताई, एकच धरा. इन्स्टाग्राम घ्या आणि खातं प्रोफेशनल करून टाका. त्याला पैसे पडत नाहीत, शिवाय इनसाइट्स, म्हणजे पोस्ट किती जणांनी पाहिली, जपून ठेवली (सेव्ह), पुढे पाठवली (शेअर) याचे आकडे दिसतात. त्यात लाइक मोजत बसू नका, सेव्ह आणि शेअर बघा. घ्यायचा विचार असलेला माणूस पोस्ट जपून ठेवतो. रील उभी काढा, 9:16. आणि नुसती तयार पिशवी दाखवू नका! पट्टा जिथे जोडता, तिथली चौकोनातली फुलीची टीप अगदी जवळून दाखवा. सगळं वजन त्या टिपेवर येतं, हे स्वतःच्या आवाजात सांगा. मला तरी कुठल्याही सजावटीपेक्षा हेच पटतं.

उत्तर २:
सोबत व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हवंच. कॅटलॉगमध्ये माप, कापड, किंमत टाका. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ हा प्रकार कृपा करून नको, माणसं तिथूनच परत फिरतात.

उत्तर ३:
जाहिरात करा, पण नंतर. जी पोस्ट आपसूक चालली तिच्यावरच पैसे लावा, तेही पोस्टखालचं बूस्टचं (पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं) बटण दाबून नव्हे, अ‍ॅड्स मॅनेजरमधून, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती लावायच्या वेगळ्या पानावरून. ‘मेसेज यावेत’ असं दोन्हीकडे निवडता येतं, पण तिथे जाहिरात जास्त बारकाईनं ठरवता येते.

प्रश्नकर्ती:
फुलीच्या टिपेचं डोक्यातच आलं नव्हतं. आज उजेड आहे तोवर तीच रील काढते. आवाज मशीनचा ठेवू का?

उत्तर १:
ठेवा की! फक्त तुमचं बोलणं त्यात बुडू देऊ नका.