मनपा शाळेत मुलांची मारामारी आणि मास्तरांची पट्टी: पालकांनी नेमकं काय करायचं?

पूर्वभाग_पालक

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मनपा शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी पालक सदस्य आहे. पहिली ते सातवीची शाळा. खाली मराठी माध्यम, वरच्या मजल्यावर तेलुगू. जिना एकच, नळही एकाच भिंतीला.

मधल्या सुट्टीत नळाजवळ रोज ढकलाढकली होते. सातवीतली दोन-तीन मुलं लहानांकडून पाच-दहा रुपये काढून घेतात, दिले नाहीत तर धमकावतात. मागच्या आठवड्यात चौथीतल्या मुलाच्या तळहातात कर्कटक टोचलं. दुसरीकडे एका वर्गात लाकडी पट्टीने हातावर मारणं आणि शंभर-शंभर उठाबशा चालू आहेत. बैठकीत विषय काढला की "दोन्हीकडून चूक आहे, मिटवून टाका" असं होतं, आणि इतिवृत्तात एक ओळही येत नाही.

पालकांतही एकमत नाही. कुणी म्हणतं त्या मुलांचा दाखला काढून द्या, कुणी म्हणतं पोलीस बोलवून दम द्या, कुणी म्हणतं "सर, मारा पण सुधारा". बहुतेक आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर पाळीत, म्हणून शाळेत वारंवार यायला कुणालाच जमत नाही. सुरुवात कुठून करायची आणि अर्ज कुणाच्या नावे द्यायचा?

आवकजावक

ताई/दादा, तुमच्याकडे दोन वेगळी प्रकरणं आहेत. त्यांची सरमिसळ झाली की दोन्ही बुडतात. शिक्षकाने मारणं वेगळं आणि मुलांनी मुलांना मारणं वेगळं. अर्जही दोन वेगळे हवेत.

शिक्षकाचं आधी. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ स्पष्ट आहे: मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही, मानसिक छळ करायचा नाही, आणि जो करेल त्याच्यावर सेवा नियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई. पट्टी, उठाबशा, बाकावर उभं करणं, जातीवरून किंवा भाषेवरून टोमणे, सगळं यात येतं. पालकाने "मारा" अशी तोंडी परवानगी दिली तरी ती चालत नाही, कारण संरक्षण मुलाला दिलेलं आहे. हा कायदा ६ ते १४ वयाचा, म्हणजे तुमची सातवीपर्यंतची सगळी शाळा त्यात बसते.

पहिला अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे. दोन प्रती न्या, एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शाळेचा शिक्का घ्या. ही पोचपावती नसेल तर पुढच्या कार्यालयात पहिला प्रश्न हाच येतो की "शाळेत कळवलं होतं का?" मुख्याध्यापकांनी घ्यायला नकार दिला तर वाद घालू नका, तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. आठ-दहा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर दुसरा अर्ज महापालिका प्राथमिक शिक्षण मंडळाच्या प्रशासनाधिकाऱ्यांना, प्रत महापालिका आयुक्तांना. (जिल्हा परिषदेची शाळा असेल तर केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी प्राथमिक. खेड्यातल्या पालकांनी महापालिकेत चकरा मारू नयेत.)

अर्जात "कलम ३२ खाली तक्रार" असे शब्द लिहा. त्या कलमानुसार स्थानिक प्राधिकरणाने दोन्ही बाजूंना म्हणणं मांडायची संधी देऊन तीन महिन्यांत निकाल द्यायचा असतो, आणि तो मान्य नसेल तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. हे शब्द नसले की अर्ज साध्या "निवेदनां"च्या गठ्ठ्यात जातो.

इतिवृत्ताचं म्हणाल तर तुमचं खरं दुखणं तेच आहे. समितीत ७५ टक्के पालक असतात, अध्यक्ष पालकांतून असतो, मुख्याध्यापक सचिव असतात. विषय तोंडी काढू नका. बैठकीच्या आधी अध्यक्षांकडे लेखी द्या: "विषय क्र. अमुक: मधल्या सुट्टीतील देखरेख". विषयपत्रिकेवर आला की इतिवृत्तात यावाच लागतो. सही करण्याआधी वाचा. चर्चा गाळलेली दिसली तर सहीशेजारी "विषय क्र. अमुकची नोंद नाही" असं तिथेच लिहा. इतिवृत्त दाखवायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात १० रुपयांत मागा, ३० दिवसांत द्यावं लागतं.

आता दाखला. कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. त्या सातवीतल्या मुलांच्या पालकांवर "तुम्हीच अर्ज करून दाखला न्या" असा दबाव टाकणं हा त्याच गोष्टीचा आडमार्ग आहे. समितीने त्यात सामील होऊ नये. मूल पुढच्या शाळेतही तेच करेल किंवा थेट मागावर नाहीतर गॅरेजात कामाला लागेल.

परिपाठ

कायद्याचं वरती आलं. मी जागेचं बोलतो, कारण मारामारी शाळाभर होत नाही. ती ठराविक चार जागी होते: नळ, संडास, जिना आणि सुटताना फाटक. आणि ठराविक वेळीच: मधल्या सुट्टीची शेवटची दहा मिनिटं, तास बदलतानाची पाच मिनिटं, सुटल्यावरची दहा मिनिटं. या वेळी शिक्षक बहुधा कार्यालयात असतात किंवा खिचडीच्या हिशेबात.

शाळेला सांगा, एक वही घाला. रकाने एवढेच: तारीख, वेळ, जागा, कोण कोण, काय झालं, कुणी पाहिलं, काय केलं, पालकांना कधी कळवलं, सही. "वात्रट आहे", "घरचं वळण नाही" असली विशेषणं त्यात नकोत. "नळाजवळ, १२.४०, पाठीत बुक्की, बाटली हिसकावली" एवढंच. चार आठवड्यांनी जागेप्रमाणे मोजा. नोंदींतल्या निम्म्या एकाच जागेच्या निघाल्या तर तिथे एक माणूस उभा करा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

तुमच्या शाळेत नळ एकाच भिंतीला आहेत म्हणता, तर पहिली ते चौथी आणि पाचवी ते सातवी यांच्या सुट्ट्या अर्ध्या तासाच्या अंतराने करा. घंटा वाढवावी लागत नाही, वेळापत्रक बदलावं लागतं. ते मराठी आणि तेलुगू दोन्ही मुख्याध्यापकांनी एकत्र बसून करायला हवं. एका माध्यमाने बदललं आणि दुसऱ्याने नाही तर वरचे मोठे खाली लहानांत उतरणारच. खिचडी दोन पातेल्यांतून दोन रांगांत वाढा. एका रांगेत साठ मुलं उपाशीपोटी उभी केली की ढकलाढकली होणारच, त्याला शिस्त काय करणार?

एक गोष्ट कळकळीने सांगतो: मॉनिटरच्या हातात पट्टी देऊ नका. शिक्षक कार्यालयात गेले की वर्ग "सांभाळायला" मोठ्या मुलाला छडी दिली जाते. लहानांना लुबाडणारा मुलगा बऱ्याचदा तिथूनच तयार होतो, कारण मारण्याचा अधिकार त्याला शाळेनेच दिलेला असतो.

भांडण झालं की मुलांना वेगवेगळं बसवून विचारा, त्याच दिवशी, लहानाला आधी. "कुणी मारलं?" असं विचारू नका. "सुट्टी झाली तिथपासून सांग" म्हणा. आणि सगळ्या वर्गासमोर हात मिळवायला, माफी मागायला लावू नका. मार खाल्लेला पोर हात मिळवतो, आणि सुटल्यावर फाटकाबाहेर पुन्हा मार खातो. बरोबरीच्या दोघांचं एकदाचं भांडण आणि तगड्याने दुबळ्याला वारंवार छळणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्यात समेट चालतो. दुसऱ्यात नाही, तिथे लहानाला आधी सुरक्षित करायचं आणि मोठ्यावर किमान दोन आठवडे रोज लक्ष ठेवायचं.

फाटकाजवळ पानटपरी असेल तर तेही बघा. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. लहानांकडून काढलेले पाच-दहा रुपये बरेचदा तिथेच जातात.

सातवी_ब

सगळं पटलं, पण वर्गात पन्नास पोरं असतील तर पट्टीशिवाय मास्तरांनी करायचं काय, तेही कुणी सांगा.

परिपाठ

सांगतो. पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक आणि सहावीपासून ३५ मुलांमागे एक शिक्षक हे कायद्याचंच प्रमाण आहे. पन्नास असतील तर जागा रिक्त आहे का हे समितीने लेखी विचारावं. पट्टी ही त्या रिकाम्या जागेची भरपाई नाही.

तोवर वर्गात: नियम तीनच, मुलांकडूनच काढून घेतलेले, फळ्याच्या कोपऱ्यात कायम. गप्प करायला ओरडणं नको, एक ठरलेली खूण हवी. तीन टाळ्या, मुलांनी दोन टाळ्यांनी उत्तर द्यायचं. पहिले दहा-बारा दिवस ती खूण काम नसतानाही घोटून घ्यावी लागते, नेमकी तिथेच शिक्षकांची चिकाटी संपते. सुट्टीनंतरची पहिली पाच मिनिटं नवीन काही शिकवू नका, पाणी पिऊन बसू द्या, पाढे म्हणवून घ्या. शिक्षा चुकीला जोडलेली असावी: खिचडी सांडली तर पुसायची, दुसऱ्याची वही फाडली तर तिला कव्हर घालून द्यायचं. बोलायचं ते बाजूला घेऊन, कारण चारचौघांत बोललं की मुलगा उलट उत्तर देतो आणि मग मास्तरांना माघार घेता येत नाही. छडी उचलली जाते ती बहुतेक याच क्षणी.

लहानमुलांचा_दवाखाना

दुखापतींबद्दल, कारण घरी यात फार चुका होतात.

कानशिलात बसली आणि मूल "कान गच्च झालाय", "शिटी वाजतेय" म्हणालं किंवा कानातून रक्त आलं, तर पडदा फाटलेला असू शकतो. कोमट तेल, थेंब, पाणी काहीही कानात घालू नका. सिव्हिलला कान-नाक-घसा विभागात दाखवा.

डोक्याला मार लागला असेल तर पुढचे २४ ते ४८ तास लक्ष ठेवा. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, उठवूनही नीट जागं न होणं, बोलणं अडखळणं, झटका, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका.

कर्कटक टोचलेला हात वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, हळद-चुना नको. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे का ते लसीकरण कार्ड दाखवून विचारा. सुईचं किंवा शिशाचं टोक आत राहिलं असेल तर घरी पिनेने उकरू नका. डोळ्याला टोचलं असेल तर चोळू नका, धुऊ नका, वरून कागदी कप अलगद धरून तसेच न्या.

उठाबशांना लोक सौम्य शिक्षा समजतात. सवय नसलेल्या मुलाने शंभर काढल्या तर स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. एक-दोन दिवसांत मांड्या कडक, चालताना असह्य दुखणं आणि काळ्या चहासारखी लघवी दिसली तर लगेच रुग्णालय.

केसपेपर काढताना "पडला" असं सांगू नका. शाळेचं नाव खराब होईल म्हणून बरेच पालक तसं सांगतात, आणि मग कागदावर तेच कायम राहतं. "शाळेत अमुक वेळी पट्टीने मारलं" असं सांगा आणि एमएलसी नोंद (मारहाणीची पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय नोंद) करायला सांगा. वळांचे फोटो त्याच दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, उजेडात, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून काढा. मुलाचा चेहरा आणि जखम असलेले फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकू नका.

आणि एक. मूल सकाळी शाळेच्या वेळेलाच पोट दुखतं म्हणतं, रविवारी दुखत नाही. दिवसभर लघवीला जात नाही आणि घरी आल्या आल्या पळतं. असं दिसलं तर संडासाजवळ काय चालतं ते शांतपणे विचारा.

आवकजावक

पोलिसांचं राहिलं होतं. मोठ्या माणसाने मुलाला इजा केली तर पोलीस ठाण्यात जायचा तुमचा पूर्ण हक्क आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ मध्ये ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही आहे. लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर समिती, बैठक, समेट यांत एक तासही घालवू नका. पोक्सो कायद्यात पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लपवणं हाच गुन्हा.

पण "येऊन दम द्या" म्हणून सातवीतल्या मुलांसमोर गणवेशातले पोलीस उभे करणं चुकीचं. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा ठरत नाही, बाराखालच्याची समज तपासावी लागते. अल्पवयीनांवर अगदी गंभीर गुन्हा सोडून एफआयआर होत नाही, स्टेशन डायरीत नोंद होते. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, बोलायचं तर त्यांच्याशी, साध्या वेशात. मुलांसाठी मदत हवी असेल तर १०९८ चोवीस तास आहे.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाला, त्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ चा शासन निर्णय आहे. त्यात सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समितीचा (मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) उल्लेख आहे. तुमच्या शाळेत तक्रारपेटी कुठे आहे, कधी उघडतात, हा प्रश्न पुढच्या बैठकीत लेखी घाला. कार्यालयाच्या दारावर, मुख्याध्यापकांच्या नजरेसमोर टांगलेल्या पेटीत एकही मूल चिठ्ठी टाकणार नाही. जिन्याच्या वळणावर, पहिलीच्या मुलाचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर लावा.

पूर्वभाग_पालक

खूप आभार. दोन अर्ज वेगळे करतो, वही आणि सुट्टीचा विषय पुढच्या बैठकीला घालतो. ज्यांच्या मुलाला पट्टीने मारलं त्या आईला मराठी लिहिता येत नाही, तेलुगू बोलतात, अंगठा करतात. त्यांच्या नावे अर्ज चालेल का? आणि त्यांना भीती वाटते की मुलावर राग काढतील.

आवकजावक

चालतो. मजकूर दुसऱ्याने लिहिला तरी हरकत नाही. शेवटी एक ओळ घाला: "वरील मजकूर मला तेलुगूत वाचून दाखवला, तो बरोबर आहे." खाली डाव्या हाताचा अंगठा, शेजारी "निशाणी, डावा अंगठा" आणि त्यांचं पूर्ण नाव. मग लिहिणाऱ्याची आणि एका साक्षीदाराची सही. मजकूर असा ठेवा:

"माझा मुलगा इयत्ता अमुक, तुकडी अमुक मध्ये शिकतो. दि. … रोजी … वाजता वर्गात शिक्षकांनी लाकडी पट्टीने त्याच्या उजव्या तळहातावर … वेळा मारले व … उठाबशा काढायला लावल्या. रुग्णालयाच्या केसपेपरची प्रत जोडली आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ कलम १७ व ३२ नुसार चौकशी करून लेखी कळवावे. चौकशीच्या काळात मुलाला कोणताही त्रास होणार नाही याची लेखी हमी द्यावी."

शेवटची ओळ त्या भीतीसाठीच आहे, ती गाळू नका. अक्कांना एकट्या पाठवू नका, समितीतली एक महिला सदस्य सोबत द्या. विड्या देऊन यायची त्यांची वेळ विचारा आणि मुख्याध्यापकांची वेळ त्याप्रमाणे आदल्या दिवशी घ्या, म्हणजे त्यांचा रोज बुडणार नाही.