घरच्या रीफ टँकमध्ये झुंडीचे मासे ठेवावेत का?

खारंपाणी (धागाकर्ता)
नागपुरात रीफ टँक, म्हणजे पोवळी ठेवलेले खाऱ्या पाण्याचे टँक, आता बरेच दिसून राहिले. नवा माणूस दुकानात गेला की पहिला प्रश्न, "झुंडीनं फिरणारे कोणते आहेत?" आणि पिशवीत सात-आठ ग्रीन क्रोमिस घेऊन बाहेर पडतो. माझं मत स्पष्ट आहे: तीन फुटी टँकमध्ये क्रोमिसची झुंड ठेवूच नये. समुद्रात ते फांद्याफांद्यांच्या पोवळ्यावर एकत्र राहतात, कारण भक्षक आसपासच असतो. आपल्या टँकमध्ये ती भीती नाही, त्यामुळे झुंड विस्कटते आणि हाणामारी सुरू होते. दांडगा मासा सगळ्यात लहानाला पंपामागच्या कोपऱ्यात दाबून ठेवतो. त्याच्या शेपटीच्या कडा फाटतात, खाणं टाकलं तरी तो पुढे येत नाही. तो मेला की पुढच्या लहानाची पाळी. शेवटी एक-दोन उरतात. हौस आपली, जीव त्यांचा.

मानेवाडा_रीफ
दादा, मला हे पटत नाही. क्रोमिस मरतात ते प्रत्येक वेळी मारामारीनंच असं नाही. कुशीवर लाल चट्टा दिसला तर तो बहुतेक युरोनेमा असतो, आणि प्रवासानं दमलेल्या क्रोमिसला हा परजीवी हमखास धरतो. मुंबईहून आलेला मासा त्याच संध्याकाळी मुख्य टँकमध्ये सोडायचा आणि दोष झुंडीला द्यायचा, हे बरोबर नाही. आधी महिनाभर वेगळ्या टँकमध्ये ठेवा.

माझ्या चार बाय दोन बाय दोन फुटी टँकमध्ये, म्हणजे साधारण 450 लिटरमध्ये, अँथियस या समुद्री माशांचा गट आहे. एक नर, बाकी माद्या. नर मेला तर सगळ्यात वरचढ मादीच नर होते. निसर्गातली त्यांची रचना ही अशीच आहे. मग गटात राहणारा मासा एकटा ठेवणं ही कुठली दया?

खारंपाणी
भाऊ, अँथियस दिवसभर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, टिपत राहतो. सकाळी एकदा खाणं टाकून ऑफिसला गेलं तर तो खंगतो. बरं, चार वेळा टाकलं तर नायट्रेट-फॉस्फेट चढतं आणि पोवळ्यांवर शेवाळ येतं. तुमचा स्किमर, म्हणजे फेसासोबत पाण्यातली घाण काढणारं यंत्र, मोठा असेल, तुम्ही निभावता. नवख्याला हे कोण सांगतं?

धरमपेठ_ताई
तुम्ही दोघंही मे महिना विसरलात! बाहेर 45 अंश असताना टँकचं पाणी 25-26 वर ठेवायचं आहे. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि माशांना मात्र जास्त लागतो. दुपारी लाइट गेली तर दोन क्लाउन मासे असलेला टँक तग धरेल, गच्च भरलेला नाही.

पाण्यावर पंखा लावला तर आपल्या डेझर्ट कूलरसारखंच काम होतं. कोरड्या उन्हाळ्यात दोन-तीन अंश सहज उतरतात. पण पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. आरओचं गोडं पाणी रोज भरलं नाही तर क्षारता चढत जाते. आणि जुलैत हवा दमट झाली की तोच पंखा निकामी. झुंड हवी असेल तर आधी पाणी थंड करणारा चिलर, आणि निदान पाणी हलवत ठेवणारा वेव्हमेकर तरी इन्व्हर्टरवर.

प्रतापनगर_टँक
मग बंगाई कार्डिनल घ्या ना, शांत मासा आहे.

धरमपेठ_ताई
लहानपणीच शांत. वयात आले की जोडी जमते आणि ती जोडी बाकीच्यांना हुसकावते. शिवाय हा मासा मूळचा इंडोनेशियातल्या बंगाई बेटांचा आणि आययूसीएन या निसर्ग-संवर्धन संघटनेच्या यादीत धोक्यात आलेला आहे. घ्यायचाच तर टँकमध्ये पैदास झालेला मागा, आणि दोनच ठेवा. नर अंडी तोंडात धरून बसतो, तेवढे दिवस काही खात नाही. ते पाहण्यासारखं असतं.

मानेवाडा_रीफ
ताई, चिलर आणि बॅकअपचं शंभर टक्के मान्य. पण "ठेवूच नये" हे मी मानणार नाही. चार फुटांखाली अँथियस नको, गटात एकच नर, आणि घरात दुपारी खाणं टाकणारं कुणीतरी हवं. एवढं जमत असेल त्यानं खुशाल ठेवावेत.

खारंपाणी
अँथियससाठी या अटी मला मान्य. क्रोमिसबद्दल मात्र माझं मत तेच आहे. महिनाभर वेगळं ठेवून युरोनेमा टळेल, पंपामागचा कोपरा टळणार नाही. तीन फुटांत ज्यांची पूर्ण झुंड दोन वर्षं टिकली असेल, त्यांनी फोटोसकट इथे लिहावं. मी मनापासून वाचेन.