मदत हवी आहे: गोठा हलवा म्हणून नोटीस आली, पुढच्या गुरुवारी तारीख

बांधावरचा
नमस्कार. तातडीने मदत हवी आहे. आमचा गोठा अण्णांच्या वेळेपासून आहे, तीस वर्षं होऊन गेली. शेजारच्या गटात चार वर्षांपूर्वी प्लॉटिंग झालं, बंगले उठले आणि आता तिथल्या अकरा जणांनी सह्या करून तक्रार दिली. वास येतो, माशा होतात, पहाटे आवाज होतो. नोटीस आली आहे, गोठा हलवा म्हणतात. कुठे हलवू? आम्ही आधी, ते नंतर. अमेरिकेत यासाठी 'राइट टू फार्म' कायदा आहे असं ऐकलं. आपल्याकडे तसा कोणता? फक्त कलम सांगा, बाकी मी बघतो.

शिवारकर
नोटीस कोणाची? ग्रामपंचायत, तहसील की प्रदूषण मंडळ? तिच्यावर कलम कोणतं? जनावरं किती? गोठा गावठाणात की शेतात? यातलं काहीच लिहिलं नाहीत. नुसतं 'नोटीस आली' यावर कोण काय सांगणार?

आप्पा_दूधवाले
दादा, आधी माशांचा बंदोबस्त करा. ईएम द्रावण (उपयोगी जिवाणूंचं) गुळाच्या पाण्यात मुरवायचं आणि रोज शेणावर, गव्हाणीखाली फवारायचं. आमच्याकडे तीन वर्षं वापरतोय, पाहुणे गोठ्यात बसून चहा पितात. वास गेला की तक्रार कशाची राहते?

बांधावरचा
आप्पा, माशांचं नंतर बघू, मला गुरुवारचं सांगा. शिवारकर, नोटीस तहसीलमधून आली आहे. खाली 'कार्यकारी दंडाधिकारी' असा शिक्का आहे आणि वर 'भा.ना.सु.सं. कलम १५२' लिहिलंय. जमीन आमचीच, सातबारा अण्णांच्या नावावर, गोठा शेतातच.

वकील_माणदेशी
आता कळलं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ तेच १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १५२ झालं. सार्वजनिक उपद्रव दूर करायचं कलम. आधी घाबरू नका. हा सशर्त आदेश असतो. अमुक दिवसांत उपद्रव दूर करा, नाहीतर हजर होऊन का करू नये ते सांगा, असा त्याचा अर्थ. तुम्ही हजर राहून लेखी म्हणणं दिलंत की कलम १५७ प्रमाणे पुरावा घ्यावा लागतो, नुसत्या तक्रार अर्जावर गोठा पाडता येत नाही. हे काम ९० दिवसांत संपवायचं, कारणं नोंदवून १२० पर्यंत. कलम १५८ खाली जागेची पाहणी आणि तज्ज्ञाची तपासणी मागता येते, ती मागाच. गैरहजर मात्र राहू नका, एकतर्फी आदेश कायम होईल.

आणि तुम्ही विचारलेलं कलम. महाराष्ट्रात 'राइट टू फार्म' नावाचा कायदा नाही.

देशमुख_तात्या
वकीलसाहेब, कायदा नाही कसा? वहिवाट वीस वर्षांची झाली की हक्क लागतो. सुविधाधिकार कायदा, कलम १५. यांची तीस झालीत. मी स्वतः रस्त्याची केस यावरच जिंकलो.

वकील_माणदेशी
तात्या, रस्त्याची गोष्ट वेगळी. वीस वर्षांच्या वहिवाटीने खासगी हक्क मिळतो. सार्वजनिक उपद्रव पन्नास वर्षं चालला तरी तो करण्याचा हक्क मिळत नाही, हे जुनं आणि पक्कं तत्त्व आहे. 'मी आधी आलो' हाही आपल्याकडे पूर्ण बचाव होत नाही. इंग्लंडमध्ये १८७९ साली एका मिठाईवाल्याचे खलबत्ते आणि शेजारच्या डॉक्टरची खोली यावरून निकाल लागला, तेव्हापासून हीच वाट. मिठाईवाला वीस वर्षांहून जुना होता, तरी हरला.

देशमुख_तात्या
मग शेतकऱ्याने जायचं कुठे? उद्या ऊस पेटवला तरी तक्रार, खत टाकलं तरी तक्रार. प्लॉट घेताना डोळे उघडे नव्हते का यांचे?

सेंट्रल_व्हॅलीतून
कॅलिफोर्नियातून लिहितोय, आजूबाजूला बदामाच्या बागा आणि मोठ्या डेअऱ्या आहेत. इथला 'राइट टू फार्म' कायदा १९८१ चा. व्यापारी शेती तीन वर्षांहून जास्त चालू असेल, रूढ पद्धतीने होत असेल आणि सुरू झाली तेव्हा उपद्रव नसेल, तर नंतर आजूबाजूची वस्ती बदलली म्हणून तिला उपद्रव ठरवता येत नाही. त्याखाली अनेक काउंट्यांचे स्वतःचे स्थानिक नियमही आहेत. मी घर घेतलं तेव्हा कागदांत एक सूचना होती. शेतजमीन मैलभराच्या आत आहे, धूळ, वास, रात्रीची यंत्रं, फवारणी यांचा त्रास होऊ शकतो. ती वाचूनच सही केली. माझ्या मते खरा उपाय तोच, घेणाऱ्याला आधी सांगणं. आपल्याकडे खरेदीखतात असं एक वाक्य घातलं तर निम्मी भांडणं होणार नाहीत.

त्याआधीचा ॲरिझोनातला १९७२ चा निकालही वाचण्यासारखा आहे. डेल वेब या बिल्डरने निवृत्तांसाठी सन सिटी ही वसाहत वसवली आणि ती वाढत वाढत जनावरांच्या छावणीला भिडली. कोर्टाने छावणी हलवायला सांगितलं, पण हलवण्याचा खर्च बिल्डरवर टाकला.

बांधावरचा
हेच तर! खर्च बिल्डरने द्यावा. हा निकाल गुरुवारी दाखवता येईल का?

वकील_माणदेशी
दाखवून उपयोग नाही. तो इथे बंधनकारक नाही आणि दंडाधिकाऱ्याला भरपाई ठरवण्याचा अधिकार या कलमात नाही.

कोपऱ्यावरचं_घर
मी या धाग्यातल्या जागेचा नाही, पण अशाच एका वसाहतीत राहतो. सगळे आम्हाला आगंतुक म्हणताय म्हणून लिहितोय. माझ्या आईला दमा आहे. खिडकीपासून पन्नास फुटांवर शेणाचा ढीग आहे, पावसाळ्यात जेवणाच्या ताटावर जाळी घालावी लागते. विकणाऱ्याने 'शेजारी हिरवीगार शेती' म्हणून दाखवलं होतं. गोठा बंद करा असं मी कधीच म्हटलं नाही, ढीग हलवा म्हणतो. आणि अमेरिकेच्या कायद्याचं कौतुक जपून करा. नॉर्थ कॅरोलिनात हजारो डुकरांच्या मैल्याच्या तलावांशेजारी राहणाऱ्यांनी, त्यातले बरेच कृष्णवर्णीय, दावे लावले. २०१८ मध्ये ज्यूरींनी त्यांच्या बाजूने निकाल दिले, तर विधिमंडळाने त्याच वर्षी कायदा आणखी घट्ट केला. तिथे छोट्या शेतकऱ्याच्या नावाने मोठी कंपनी वाचते.

रानवाटा
फ्रान्समध्ये मोरिस नावाच्या कोंबड्यावर खटला झाला होता, पहाटे आरवतो म्हणून. २०१९ मध्ये कोंबडा जिंकला आणि २०२१ मध्ये त्यांनी खेड्यातले आवाज आणि वास हा गावाचा वारसा मानणारा कायदा केला. आपल्याकडे हे व्हायला हवं.

सौ_मेघना
बांधावरचा, तुमच्याकडे गीर आहेत का? घरच्या तुपाचा भाव काय? आम्ही कोथरूडला असतो.

शिवारकर
मेघनाताई, तुपाचं नंतर. बांधावरचा, दुसऱ्यांदा विचारतोय: जनावरं किती? आणि शेणाचा खड्डा कुठे आहे?

बांधावरचा
अण्णांच्या वेळी सहा होती. आता सव्वीस, बहुतेक एचएफ (होल्स्टीन) गाई. मशीनने धारा काढतो, पहाटे चारला पंप सुरू होतो. खड्डा आधी विहिरीकडे होता. मागच्या वर्षी मुरघासाच्या (मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) बॅगा ठेवायला जागा लागली म्हणून तो पूर्वेच्या बांधाला नेला. त्यांचा रस्ता तिकडूनच जातो. पाऊस झाला की खड्ड्यातलं काळं पाणी बांध फोडून त्यांच्या रस्त्यावर उतरतं, हे खरं आहे. जूनमध्ये एकजण येऊन सांगून गेला होता. पेरणीची घाई होती, मी लक्ष दिलं नाही.

शिवारकर
हे पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं. त्यांची तक्रार तीस वर्षांच्या गोठ्याची नाही, एका वर्षाच्या खड्ड्याची आहे. अमेरिकेचा कायदा इथे लागू असता तरी सहाचे सव्वीस आणि हलवलेला खड्डा यावर वाद झालाच असता.

वकील_माणदेशी
शिवारकरांशी सहमत. तात्यांनी आणलेल्या सुविधाधिकार कायद्यातही हवा-पाणी दूषित करण्याचा हक्क सुरुवातीला होता तेवढाच धरतात, वाढवलेला नाही. शिवाय १५ च्या वर जनावरं असतील तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचनांप्रमाणे राज्य मंडळाची संमती लागते. ती घेतली आहे का? नसेल तर अर्ज आजच करा. तुमच्या बाजूने सांगायचं तर जमीन महसूल संहितेत शेतइमारतीच्या व्याख्येत जनावरांचा निवारा धरलेला आहे. गोठा मुळात बेकायदा, असं कोणी म्हणू लागलं तर ते दाखवा.

शिवारकर
गुरुवारी न्यायचं ते सांगतो. डेअरीची जुनी दूधबिलं, सापडतील तितकी मागची. सरकारी दवाखान्यातल्या लाळ्या-खुरकूत लसीकरणाच्या नोंदी. गुगल अर्थवर जुन्या सालांची चित्रं मिळतात, प्लॉटिंगच्या आधीचं चित्र छापून घ्या, त्यात गोठ्याचं छप्पर आणि भोवती नुसतं रान दिसेल. आणि सगळ्यात आधी खड्डा परत विहिरीच्या बाजूला, पण विहिरीपासून लांब, तळ पक्का करून. फोटो तारखेसकट. जमलं तर गोबरगॅस, शेण रोजचं रोज आत जातं.

आप्पा_दूधवाले
आणि ईएम.

बांधावरचा
आज जेसीबी सांगितला. मुरघासाच्या बॅगा गव्हाणीमागे सरकवतोय, खड्डा दोन दिवसांत हलेल. पंपाखाली रबर टाकून पाहतो. संमती घेतलेली नाही. दूधबिलं अण्णांच्या पेटीत १९९८ पासूनची निघाली, त्याआधीची वाळवीने खाल्ली. जूनमध्ये आलेल्या त्या माणसाच्या घरी आज संध्याकाळी जाणार आहे, अण्णाही येतो म्हणतात.

वकील_माणदेशी
जा. बोलणं पटलं तर त्यांच्याकडून लेखी घ्या की खड्डा हलल्यावर तक्रार राहणार नाही. आणि तक्रार अर्जाची व पंचनाम्याची प्रत मागितली का? नोटीसीसोबत आली नसेल तर उद्याच नकलेसाठी अर्ज करा.