मदत हवी आहे: सार्कोमिअरचं पुठ्ठ्याचं मॉडेल आकुंचन दाखवताना वाकतंय

मृण्मयी_वर्ग
स्नायूचं आकुंचन शिकवण्यासाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचं सार्कोमिअर (स्नायूतलं आकुंचन पावणारं सर्वात लहान एकक) करतेय. प्रमाण: 1 मायक्रोमीटर म्हणजे 10 सेंमी. मायोसिनची (मधल्या जाड तंतूची) पट्टी 16 सेंमी, दोन्हीकडच्या ॲक्टिनच्या (बारीक तंतूंच्या) पट्ट्या 10-10 सेंमी, झेड रेषांमधलं (सार्कोमिअरच्या दोन टोकांमधलं, जिथे ॲक्टिन जोडलेला असतो) अंतर 22 सेंमी. आकुंचन दाखवायला हे अंतर 15 वर आणलं की मायोसिनची पट्टी वाकते. ती थोडी कापू का? शिवाय एटीपी (पेशीला ऊर्जा देणारा रेणू) संपल्यावर स्नायू सैल पडायला हवा ना? मग मृत्यूनंतर शरीर ताठ का होतं?

शरीरक्रिया_सराव
पट्टी अजिबात कापू नका. तंतू आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात, आणि मॉडेलमध्ये नेमकं हेच दिसायला हवं. म्हणून ए पट्टा (मायोसिनच्या लांबीइतका भाग) कायम 16 सेंमीच राहील. आय पट्टा (जिथे फक्त ॲक्टिन असतो) आणि एच क्षेत्र (मधोमध जिथे फक्त मायोसिन असतो) मात्र कमी होईल. तुमची मापं बरोबर आहेत, फक्त आकुंचन 15 पर्यंत नेऊ नका.

22 वर मधोमध 2 सेंमी मोकळे राहतील, ते एच क्षेत्र. 20 वर दोन्ही ॲक्टिनची टोकं भिडतात. त्याखाली गेलं की ती एकमेकांवर चढतात आणि जोर घटू लागतो. 16 वर मायोसिन झेड रेषांना टेकतो, तिथून जोर झपाट्याने पडतो. उलट बाजूला 36 पर्यंत ताणा: दोन्ही तंतू एकमेकांपासून पूर्ण सुटतात, मायोसिनच्या डोक्यांना (ॲक्टिनला धरून ओढणाऱ्या उंचवट्यांना) पकडायला काहीच उरत नाही, सक्रिय जोर शून्य. हे चारही टप्पे पट्टीवर पेन्सिलीने खुणा करून ठेवा.

सूक्ष्मदर्शी
वरची मापं बेडकाच्या स्नायूची आहेत, एवढं तळाशी लिहा. माणसाचा ॲक्टिन तंतू जरा लांब, सुमारे 1.27 मायक्रोमीटर, त्यामुळे सर्वाधिक जोराची लांबीही थोडी जास्त येते.

आणखी एक, मायोसिनवर डोकी काढताना बहुतेक वेळा चूक होते. मधला साधारण 1.6 सेंमीचा भाग बिनडोक्यांचा ठेवा. 20 ते 22 दरम्यान जोर जवळपास सारखाच राहतो, तो याच भागामुळे: ॲक्टिन तिथे पुढे सरकला तरी नवीन डोकं मिळत नाही. शिवाय मध्याच्या दोन बाजूंची डोकी विरुद्ध दिशांना हवीत. सगळी एकाच दिशेला काढली तर एक झेड रेषा आत येईल आणि दुसरी बाहेर जाईल.

मृण्मयी_वर्ग
डोकं ॲक्टिनला एका झटक्यात किती सरकवतं, म्हणजे मॉडेलमध्ये किती सरकवायचं? आणि एटीपीचं राहिलंच.

शरीरक्रिया_सराव
एक झटका 5 ते 10 नॅनोमीटरचा, म्हणजे तुमच्या प्रमाणात फार तर 1 मिलिमीटर. 22 वरून 20 वर यायला प्रत्येक ॲक्टिन 1 सेंमी सरकायला हवा, म्हणजे किमान दहा झटके. मुलांना ते मोजायला लावा. एकाच झटक्यात आकुंचन होतं हा समज तिथेच जातो.

आता एटीपी. कॅल्शियम ट्रोपोनिनला (ॲक्टिनवरच्या एका प्रथिनाला) जोडलं गेलं की ट्रोपोमायोसिन (ॲक्टिनवरची जागा झाकणारं प्रथिन) बाजूला होतो आणि ॲक्टिनवरची जागा उघडी पडते. डोकं चिकटतं, फॉस्फेट सोडतं, झटका देतं, एडीपीही (एटीपीच्या विघटनातून फॉस्फेटसोबत उरलेला भाग) सोडतं. पण तिथून ते आपोआप सुटत नाही. नवा एटीपी येऊन बसला तरच पकड सुटते, आणि त्या एटीपीचं विघटन झालं की डोकं पुढच्या झटक्यासाठी पुन्हा ताणलं जातं. कॅल्शियम परत पेशीतल्या साठ्यात ओढणाऱ्या पंपालाही एटीपी लागतो, एटीपीच्या दर रेणूमागे कॅल्शियमचे दोन आयन. म्हणजे सैल होणं हेही ऊर्जेचं काम आहे. मृत्यूनंतर एटीपी संपतो, कॅल्शियम साठ्याबाहेरच राहतं, डोकी चिकटतात आणि सोडवणारं कोणी उरत नाही. प्रथिनं विघटित होऊ लागली की हा ताठरपणा ओसरतो.

मॉडेलमध्ये डोकी टाचणीने ॲक्टिनला टोचा, आणि नियम ठेवा: हातात एटीपीचं कार्ड असल्याशिवाय टाचणी काढायची नाही.