दोन वर्षं शोरूममध्ये उभी असलेली नवी स्पोर्ट्स कार घ्यावी का?

दर्यावर्दी (रत्नागिरी):

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईत हवाय. मी बोटीवर सेकंड इंजिनिअर आहे. चार महिने पाण्यावर, तीन महिने घरी, असं बारा वर्षं चाललंय. गेल्या आठवड्यात घाटावर एका लग्नाला गेलो होतो. तिथल्या एका शोरूमच्या काचेआड दोन सीटची रोडस्टर दिसली आणि जेवणाची पंगत चुकली. कापडी छप्पर, तीन लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पांढरा रंग. नाव मुद्दाम लिहीत नाही. अशी एकच गाडी उभी आहे, नाव लिहिलं की शोरूम कळलंच.

गाडी नोव्हेंबर 2023 ची. मीटरवर 61 किलोमीटर. रजिस्ट्रेशन झालेलं नाही. कुणीतरी बुक करून रद्द केली आणि मग ती तशीच राहिली, असं सेल्समन सांगतो. पहिल्या दिवसापासून आतच उभी आहे म्हणे, बाहेरचं ऊन लागलेलं नाही. छापील किंमत 92 लाख, 81 ला देतोय, पण डिसेंबर संपायच्या आत.

बाबांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "हिच्यात आंब्याच्या पेट्या किती बसतात?" आईचं म्हणणं, पहिल्याच पावसाळ्यात छपराला बुरशी धरेल. कर्ज काढणार नाही, बारा वर्षांची पुंजी आहे. 11 लाख सुटतायत हा सौदा चांगला, की कुणालाच नको झालेली गाडी मी गळ्यात बांधून घेतोय? आणखी एक. बागेची आमची छोटी कंपनी आहे. तिच्या नावावर घेतली तर काही वाचेल का? की गोव्याचा नंबर घ्यावा?

आंबाघाट:

आधी त्या 11 लाखांची साल काढू. तीन लिटरच्या गाडीवर पूर्वी 28 टक्के जीएसटी आणि वर 20 टक्के सेस होता. 22 सप्टेंबर 2025 पासून सेस गेला, आता सरळ 40 टक्के. म्हणजे कराआधी शंभराच्या गाडीला जिथे 148 मोजायचे तिथे 140. तुझे 92 लाख ही जुन्या कराची किंमत असेल, तर तीच गाडी आजच्या कराने 87 च्या आसपास येते. म्हणजे अकरातले पाच सरकारने सोडले. शोरूमने सोडले सहा, आणि ते दोन वर्षं उभ्या गाडीवर. मला कमी वाटतात. त्याला एवढंच विचार, "92 हा नव्या कराचा भाव की जुन्या?" आणि चेहरा बघ.

मी हे दुखणं 2017 मध्ये काढलंय. फोक्सवॅगनने 2016 च्या नोव्हेंबरात आपल्या छोट्या पोलोचीच तीन दरवाजांची जोरदार आवृत्ती, जीटीआय, आणली होती. 1.8 लिटर टर्बो, भारतासाठी मोजून 99 गाड्या, किंमत 25.65 लाख. शेजाऱ्याला ती पोलोच दिसणार, मग पंचवीस लाख कोण घालतो? पुढच्या वर्षी किंमत 19.99 वर आली आणि मी धावलो. गाडीबद्दल आजही तक्रार नाही. चूक माझी, मी फक्त किमतीकडे बघत बसलो. कोल्हापुरातून निघालो, मलकापूर यायच्या आधीच ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. घाट उतरून साखरप्याला चहाला थांबलो आणि टायरवरून हात फिरवला, तर एका जागी चक्क सपाट. महिनोन् महिने त्याच जागेवर गाडीचं वजन. चालवून होतील गोल, असं सगळे म्हणाले. दोन झाले, दोन शेवटपर्यंत झाले नाहीत.

म्हणून टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाच. 3823 असेल तर 2023 चा अडतिसावा आठवडा. तुझ्या गाडीचे पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असतील तर ते रत्नागिरीत मिळतील हे विसर, आणि स्टेपनी आहे का तेही बघ. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, ते न चालवताही दोन वर्षांनी बदलायचं असतं. इंजिन ऑइलचंही तेच. या दोन्ही गोष्टी डिलिव्हरीआधी, त्यांच्या खर्चाने.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वॉरंटी कुठल्या तारखेपासून चालू आहे ते कंपनीच्या सिस्टीममध्ये चॅसी नंबर टाकून तुझ्यासमोर उघडायला लाव. महिनाअखेरचं टार्गेट गाठायला उभी गाडी विकली म्हणून नोंदवून टाकतात. तसं झालं असेल तर गाडी नवी, पण वॉरंटी अर्धी वापरलेली. तोंडी "हो हो, होऊन जाईल" चालणार नाही.

विकताना आरसी बुकावर नोव्हेंबर 2023 छापलेलं असणार हेही धरून चाल. तू घेतली 2025 ला हे फक्त तुला आठवेल.

कुडाळचो पानो:

वरसून चकचकता ता सोड. लिफ्टार चढवन खालसून बघ. डिस्कार लाल पावडर आसली तर काय नाय, दोनदा ब्रेक मारल्यार जाता. खड्डे पडले आसले तर डिस्कच बदलून घे. छप्पर बंद करून धा मिनटां पायपान पाणी मार, मगे शिटीखालच्या कार्पेटात हात घाल. कापडी छपराक बाजून पाणी जावक भोका आसतत, त्यात पालो अडाकलो की पाणी आत. आणि तू बोटीर गेलंस की चार महिने गाडी परत उभीच मा? बॅटरीक मेंटेनर लाव, म्हणजे ती उतरूची नाय. उंदरांचा मी काय सांगू, तुका ठावक आसा.

अलिबागची:

कंपनीच्या नावावर नको. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर 13 टक्के रोड टॅक्स, कंपनीच्या नावावर 20. 81 लाखांवर ढोबळ साडेपाच लाखांचा फरक. गोव्याचा नंबर घेऊन गाडी रत्नागिरीत ठेवलीस तर बारा महिन्यांनंतर एमएच 08 करावीच लागते आणि इथला टॅक्सही भरावा लागतो. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, लावतील, त्यावर भांडू नकोस, रिटर्नमध्ये वळता होतो. इन्शुरन्स मात्र त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून कोटेशन आण, मग त्यांचाही आकडा खाली येतो. माझा आला होता.

(आणि पांढरी रोडस्टर, जांभ्याची लाल माती... असो. तुझी गाडी.)

दर्यावर्दी:

काल जाऊन आलो. पायपाचं ऐकून सेल्समन हसला, पण वर्कशॉपच्या मुलाने मारलं पाणी. नवव्या मिनिटाला डाव्या सीटखाली कार्पेट ओलं. भोकात तार घातली तर काळा लगदा निघाला, तळहातावर घेऊन चोळला तर गुलमोहराची बारीक पानं. शोरूमच्या आत गुलमोहर कुठून आला, असं मी विचारलं. तेव्हा कळलं की पहिले आठ महिने गाडी शहराबाहेरच्या यार्डात होती.

टायर 3823, आंबाघाट, तुमची जीभ काळी आहे. वॉरंटीचं पान उघडायला पाऊण तास लावला. 31 मार्च 2024 ला विकली गेल्याची नोंद! मॅनेजरने स्वतः चहा आणून दिला.

मी सांगितलं ते असं: 77 लाख, चारही टायर आणि बॅटरी नवी, दोन्ही ऑइल बदलून, आणि वॉरंटी माझ्या रजिस्ट्रेशनच्या तारखेपासून असल्याचं कंपनीचं पत्र. त्याने 79 म्हटलं, टायर-बॅटरी-ऑइल मान्य केलं आणि पत्रासाठी शनिवारपर्यंत वेळ मागितला. पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया देणार नाही, टोकनसुद्धा नाही. 5 जानेवारीला मला बोट धरायची आहे, हे त्याला सांगितलेलं नाही.

बाबा काही बोलले नाहीत. आज सकाळी फाटकाजवळ टेप घेऊन बसले होते. चढ जास्त आहे, गाडीचं पोट घासेल म्हणाले. सोमवारी गवंडी येतोय.