बाबांना नाटक कसं दाखवू?

धानपाखरू (देसाईगंज तालुका):
दरवर्षी शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री आमच्या गावात झाडीपट्टीचं (आमच्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखाचं) नाटक राहते. बाबा तरुणपणी गावच्या दंडारीत, म्हणजे लोकनाट्यात, ढोलकी वाजवायचे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, पण नाटक सुटलं नाही. मागच्या वर्षी गादीचं तिकीट काढून मी त्यांना घेऊन बसले. ऑर्गन सुरू झाला तसे बाबा ताठ झाले. पहिला प्रवेश बरा गेला. मग एकदम सगळे प्रेक्षक ओरडले आणि बाबांनी विचारलं, "का झालं वं?" नायिकेने मंगळसूत्र काढून सासऱ्याच्या पायाशी ठेवलं होतं, तोंडातून शब्द नाही. मी सांगायला लागले तर मागची माणसं चिडली. त्यांचंही चुकलं नाही, त्यांनीही पैसे मोजले होते. त्यानंतर बाबांनी रात्रभर काही विचारलं नाही. पहाटे घरी येताना म्हणाले, "पुढल्या वर्षी तूच जाजो."

यंदा नाटक ठेवणाऱ्या मंडळाशी बोलले. ते म्हणतात, दिव्यांगांना फुकट पास देऊ आणि स्टेजवर शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. बाबांना शाल नको, नाटक पाहिजे. गावात एक काकू व्हीलचेअरवर आहेत, एका पोराला ऐकू येत नाही. अशी सोय कोणी कुठं केली आहे का? नाटक धानाच्या बांधीत (शेतात) होते आणि मोबाइलची रेंज येते-जाते, त्या हिशोबाने सांगा.

पडद्यामागचा:
ताई, मी प्रॉम्प्टर आहे, म्हणजे नाटक चालू असताना नटांना वाक्यं सांगणारा, 22 सिझन झाले. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज नवं गाव, तालमीला वेळ नाही, म्हणून नट आमच्या भरवशावर उभा राहतो. वाक्य कधी टाकायचं हेच आमचं काम. बाबांना सांगणाऱ्याचंही तेच. संवाद चालू असताना गप्प बसायचं आणि दोन वाक्यांच्या मधात "मंगळसूत्र काढलं" एवढंच टाकायचं. पण ते येणार आहे हे त्याला आधी माहीत पाहिजे. म्हणून कंपनीकडून संहिता आधी मागवा आणि गावातला एखादा वाचणारा पोरगा किंवा पोरगी तयार करा. साउंडवाल्याला एक वेगळा माइक आणि वायरचे चार-पाच हेडफोन मागा. त्याला रेंज लागत नाही, मागच्यांनाही त्रास नाही.

आणखी एक, आणि हे मला सर्वात महत्त्वाचं वाटते. संध्याकाळी पडदे बांधून झाले की बाबांना स्टेजवर आणा. पायऱ्या, खुर्ची, तलवार, सगळ्याला हात लावू द्या. रंग लावत बसलेल्या नटांनी एकेक करून आपल्या पात्राचं नाव आपल्याच आवाजात सांगावं. दहा मिनिटं लागतात. आमचे नट नाही म्हणणार नाहीत.

चाकावरची (ब्रह्मपुरी):
मी तुमच्या काकूंच्या जागी आहे. पास घेऊन करू काय? धान कापल्यावर बांधीत धसकटं राहतात, चाक रुतते, आणि धुरा (बांध) आला की चार माणसं खुर्चीसकट उचलतात. मला उचललेलं आवडत नाही. एक फूट चढाला बारा फूट लांब उतार लागतो. तेवढा मुरूम टाका, वरून प्लाय. रांगेतल्या दोन खुर्च्या काढून मला घरच्यांजवळ बसू द्या, कोपऱ्यात वेगळं नको.

आणि संडास. नाटक पहाटेपर्यंत चालते म्हणून मी दुपारपासून पाणी पीत नाही. मांडवाजवळ कोणाच्या घरी कमोड असेल तर त्यांना आधीच विचारून ठेवा.

ऐकू न येणाऱ्या पोरासाठी दुभाषी आणायच्या आधी त्याला सांकेतिक भाषा येते का ते पाहा. माझा भाचा शाळेत गेलाच नाही, त्याला घरच्याच खुणा कळतात. त्याला बहीण लागते, आणि तिच्या तोंडावर, हातावर उजेड पडेल अशी जागा लागते.

स्टेजलाही उतार करा. वरोऱ्याच्या आनंदवनातल्या 'स्वरानंदवन'मध्ये गाणारे-वाजवणारे दिव्यांगच आहेत. आमच्यातला कोणी फक्त सत्कारालाच वर चढावा असं थोडंच आहे!

निवृत्त ग्रामसेवक:
पैशाचं मी सांगतो. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चावे लागतात. उत्पन्न दोन लाख असेल तर दहा हजार होतात, म्हणजे फार नाही, पण मुरूम, प्लाय आणि हेडफोनच्या भाड्याला हातभार लागेल. ग्रामसभेच्या आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम 29 त्यात लिहा. सांस्कृतिक जीवनात आणि करमणुकीत बरोबरीने भाग घेता यावा म्हणून उपाय करणं हे सरकारसोबत स्थानिक संस्थांचंही काम आहे, असं ते कलम सांगते. 2024 मध्ये केंद्राने सिनेमागृहांसाठी अशा सोयींच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या सिनेमाच्या आहेत, नाटकाला लावू नका, नाहीतर अर्ज तिथेच अडकेल.

धानपाखरू:
काकाजी, अर्ज उद्याच लिहिते. ताई, कमोडवालं घर सापडलं, मांडवाच्या मागचंच आहे. प्रॉम्प्टरभाऊ, तुमचं लिहिलेलं बाबांना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी तुम्हाला एक विचारायला सांगितलं आहे: जंगलाचा पडदा अजून तसाच हिरवा-काळा राहते का, की आता रंग बदलला?